कंपवाताचे रुग्ण आणि पोहण्याचा व्यायाम

पोहणे ही वर्गात शिकण्याची विद्या आहे, असे गोमंतकातील जुन्या पिढीत फारसे कोणी मानले नाही. मांडवी, जुवारी, शापोरा, तेरेखोल या नद्यांच्या काठी वाढलेले मूल गावच्या तळीत अथवा नदीच्या उथळ भागात वडीलधाऱ्यांच्या देखत हातपाय मारू लागे. कमरेला दोन सुक्या नारळांची जोडी बांधली की शिक्षणास प्रारंभ झाला, आणि ती जोडी सोडली की शिक्षण पुरे झाले. एकदा अवगत झालेली ही कला, मनुष्य पुढे तीस-चाळीस वर्षे पाण्यात उतरला नाही तरी, विसरत नाही अशी सर्वांची समजूत असते. आणि निरोगी मनुष्याच्या बाबतीत ती बहुधा खरीही ठरते.

एका व्याधीत मात्र हीच समजूत प्राणावर बेतू शकते. ती व्याधी म्हणजे पार्किन्सनचा आजार, अर्थात कंपवात. विशेष हे की, पाण्यातील व्यायाम ज्यांना फार उपकारक ठरतो अशा रुग्णांत कंपवाताच्या रुग्णांचाही समावेश होतो. त्यामुळे या रुग्णास ‘खुशाल पोहावे’ असे सरसकट सांगणे जितके चुकीचे, तितकेच ‘पाण्याजवळ फिरकू नये’ असे बजावणेही चुकीचे होय. पाण्यातील व्यायाम आणि पोहणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे या रुग्णाने, त्याच्या घरच्या मंडळींनी आणि तलावावरील शिक्षकांनी प्रथम ध्यानात घेतले पाहिजे.

व्याधीचे स्वरूप

लंडन येथील जेम्स पार्किन्सन या वैद्याने १८१७ साली एक छोटासा निबंध प्रसिद्ध करून सहा रुग्णांच्या निरीक्षणावरून या व्याधीचे वर्णन केले. त्यांतील काही रुग्ण तर त्याने केवळ रस्त्याने जाता-येता पाहिलेले होते. चालण्यावरून व उभे राहण्याच्या ढबीवरून अनोळखी मनुष्याचा रोग ओळखता यावा, इतकी ही व्याधी हालचालीत उमटते. आपल्याकडे आयुर्वेदात ‘कंपवात’ हे नाव रूढ आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०१९ साली जगात ८५ लाखांहून अधिक लोक या व्याधीने ग्रस्त होते.

मेंदूच्या खालच्या भागात, मध्यमस्तिष्कात, काळसर रंगाच्या पेशींचा एक लहानसा पुंजका असतो. या पेशी डोपामीन नावाचे द्रव्य तयार करतात. हालचाल सुरू करणे, ती योग्य मापाची ठेवणे आणि एकापाठोपाठ एक अशा क्रियांची साखळी न अडखळता चालू ठेवणे, ही कामे या द्रव्यावर अवलंबून असतात. कंपवातात या पेशी हळूहळू नष्ट होत जातात. पहिली लक्षणे दिसू लागतात तेव्हा त्यांचा बराच मोठा भाग आधीच गमावलेला असतो.

नावात कंप असला तरी प्रत्येक रुग्णाचा हात कापतोच असे नाही. हालचाली मंदावणे, स्नायू ताठरणे आणि पुढे तोल सांभाळता न येणे ही लक्षणे अधिक त्रासदायक असतात. प्रारंभ बहुधा शरीराच्या एका बाजूने होतो. चालताना एक हात हलेनासा होतो, सदऱ्याची गुंडी लावावयास वेळ लागतो, अक्षर बारीक होत जाते. निवृत्तिवेतनासाठी आलेल्या वृद्धाची सही जुन्या सहीशी जुळत नाही म्हणून कागद परत केला जातो, तेव्हा खिडकीच्या आतील कर्मचाऱ्याने अशीही एक शक्यता मनात आणावी. आवाज खोल जातो, चेहरा निर्विकार दिसतो. खेड्यात या सर्वांचे ‘वय झाले’ या दोन शब्दांत निदान होते आणि उपचाराची काही वर्षे वाया जातात. ही व्याधी संसर्गजन्य नाही, हेही येथे सांगितले पाहिजे. कारण ज्या पाण्यात असा रुग्ण उतरतो त्या पाण्याबद्दल शंका घेणारे लोक अजूनही भेटतात.

या व्याधीची एक गोष्ट पोहण्याच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची आहे. निरोगी मनुष्य चालतो तेव्हा पाऊल कसे उचलावे, हात केव्हा पुढे न्यावा याचा विचार करीत नाही. या क्रिया आपोआप घडतात. कंपवातात नेमकी ही आपोआप घडण्याची शक्ती क्षीण होते. जे पूर्वी नकळत होत असे ते आता प्रत्येक वेळी लक्ष देऊन करावे लागते. लक्ष दुसरीकडे गेले की पाऊल आखूड पडते, किंवा उंबरठ्याशी, दारात, वळणावर पाय जमिनीला खिळल्यासारखे थांबतात.

औषध आणि व्यायाम

या व्याधीवरील प्रमुख औषध लेव्होडोपा हे होय. मेंदूत गेल्यावर त्याचे डोपामीन बनते. आपल्या रानात वेलीवर येणाऱ्या खाजकुयलीच्या बियांत हे द्रव्य निसर्गतः असते, आणि मद्रास येथील दामोदरन व रामस्वामी या संशोधकांनी ते या बियांतून वेगळे काढल्याचे १९३७ साली प्रसिद्ध केले होते. परंतु म्हणून कोणी या बियांचे चूर्ण गोळ्यांच्या जोडीला आपल्या मनाने घेऊ नये. तसे केल्याने एकच औषध दुप्पट पोटात जाते, आणि त्याचे प्रमाण किती हे कोणासच ठाऊक नसते.

औषधाने लक्षणे आटोक्यात येतात. व्याधी बरी होत नाही. व्यायामानेही ती बरी होत नाही. तथापि व्यायामास केवळ विरंगुळ्याचे स्थान देण्याचे दिवस आता गेले. अमेरिकेत १२८ रुग्णांवर झालेल्या आणि २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, अद्याप औषध सुरू न झालेल्या रुग्णांना सहा महिने फिरत्या पट्ट्यावर चालविण्यात आले. ज्यांनी आठवड्यातून तीन वेळा, हृदयाची गती बरीच वाढेल इतक्या जोमाने, हा व्यायाम केला त्यांची हालचालींची लक्षणे जवळजवळ होती तेथेच राहिली. ज्यांनी आपला नित्यक्रम तसाच ठेवला त्यांची लक्षणे वाढली. शारीरिक लाभाखेरीज झोप, शौचाची तक्रार आणि मनाची उदासी यांवरही नियमित व्यायामाचा चांगला परिणाम दिसून येतो.

अडचण अशी की, ज्या मनुष्यास पडण्याची भीती आहे त्याला जोमाने चालावयास सांगणे सोपे नाही. एकदा पडून मांडीचे हाड मोडलेला रुग्ण पुन्हा अंगणात उतरत नाही, आणि न हलल्यामुळे आणखी ताठरतो. पाण्याचा उपयोग येथे होतो.

पाणी काय करते

पाणी शरीरास वर उचलते, हे आर्किमिडीजचे तत्त्व शाळेतील प्रत्येक मुलास पाठ असते. त्याचे प्रमाण किती असते ते पाहण्यासारखे आहे. बेंबीपर्यंत पाण्यात उभ्या असलेल्या मनुष्याच्या पायांवर त्याच्या वजनाचा सुमारे निम्मा भार येतो. छातीइतक्या पाण्यात सुमारे एकतृतीयांश किंवा त्याहूनही कमी, आणि गळ्याइतक्या पाण्यात एकदशांशाच्या आसपास. साठ किलो वजनाचा मनुष्य छातीइतक्या पाण्यात वीस किलोच्या मुलाएवढ्या भाराने चालतो. गुडघे दुखणाऱ्या वृद्धास हे एक मोठेच वरदान आहे.

दुसरा गुण विरोधाचा. हवेतून हात हलविण्यास काहीच श्रम पडत नाहीत. पाण्यातून तोच हात हलविताना पाणी अडविते, आणि वेग जितका वाढवावा त्याहून अधिक प्रमाणात अडविते. त्यामुळे वजने न उचलताही स्नायूंना काम मिळते. शिवाय आपला हात नेमका कोठे आहे, किती हलला, याची जाणीव त्वचेवरील पाण्याच्या दाबामुळे सतत होत राहते. आखूड हालचालींची सवय लागलेल्या रुग्णास ही जाणीव फार उपयोगी पडते.

तिसरा गुण या व्याधीत सर्वांत मोलाचा. जमिनीवर तोल गेला तर सावरण्यास वेळच मिळत नाही. छातीइतक्या पाण्यात तोल गेला तर मनुष्य सावकाश कलतो. तेवढ्यात मंदावलेला पायही पुढे टाकता येतो. पडण्याची भीती न बाळगता तोल सांभाळण्याचा सराव करता येईल अशी दुसरी जागा क्वचितच सापडेल. इटलीत २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ३४ रुग्णांपैकी निम्म्यांना दोन महिने पाण्यात आणि निम्म्यांना जमिनीवर व्यायाम देण्यात आला. तोल सांभाळण्यात पाण्यातील रुग्णांची सुधारणा अधिक झाली. अभ्यास लहान होता आणि अशा लहान अभ्यासांवर फार मोठी इमारत उभारू नये, हे खरे. पण त्याचा रोख अनुभवाशी जुळणारा आहे.

हे सर्व लाभ पायाखाली जमीन असताना मिळतात, ही गोष्ट मात्र नजरेआड होता कामा नये.

पोहता येणारा मनुष्य का बुडतो

स्वित्झर्लंडमधील झुरिच येथील डॉक्टरांनी २०१९ च्या अखेरीस नऊ रुग्णांची हकीकत प्रसिद्ध केली. हे सर्व जण उत्तम पोहणारे होते. व्याधी वाढल्यावर त्यांच्या मेंदूत बारीक तारा बसवून विजेच्या सूक्ष्म स्पंदनांनी लक्षणे आटोक्यात आणण्याची शस्त्रक्रिया करण्यात आली होती. शस्त्रक्रिया यशस्वी झाली. कंप कमी झाला, चालणे सुधारले, आत्मविश्वास परत आला. त्यांच्यापैकी एक जण सरोवराकाठी राहत असे. बरे वाटू लागल्यावर त्याने नेहमीप्रमाणे पाण्यात उडी घेतली आणि तो बुडू लागला. घरच्या माणसाने वेळीच बाहेर काढले म्हणून तो वाचला. इतरांनाही असाच अनुभव आला. हातपाय हलत होते, पण पोहणे होत नव्हते. त्यांपैकी तिघांनी यंत्र बंद करून पाहिले, तेव्हा त्यांना पूर्ववत पोहता आले. मात्र बाकीची लक्षणे उसळल्याने यंत्र पुन्हा सुरू करावे लागले.

ज्यांच्यावर अशी शस्त्रक्रिया झालेली नाही त्यांचीही पोहण्याची शक्ती व्याधीमुळे कमी होते, असे रुग्णांच्या पाहणीत आढळून आले आहे. त्याचे कारण समजून घेणे कठीण नाही. पोहणे म्हणजे उजवा हात, डावा हात, दोन्ही पाय, मान आणि श्वास यांची एक अखंड साखळी. तीत एक दुवा उशिरा आला तर पुढचे सर्व दुवे चुकतात. निरोगी मनुष्यात ही साखळी आपोआप चालते. कंपवातात ती आपोआप चालण्याची शक्तीच दुबळी झालेली असते. एका बाजूचा हात जोर कमी लावतो म्हणून शरीर वाकडे जाते. पाय मारण्याचा वेग मंदावला की पाय खाली जातात, शरीर उभे होऊ लागते, आणि उभे झालेले शरीर पुढे सरकत नाही. पाठीच्या कण्याच्या ताठरपणामुळे कुशीवर वळून श्वास घेणे जमत नाही. पाठीवर उलटून विसावा घेणेही जमत नाही. अंथरुणात कूस बदलण्यास ज्याला मदत लागते, त्याला खोल पाण्यात ती बदलता येईल अशी अपेक्षा धरणे व्यर्थ आहे.

जमिनीवर पाय खिळला तर मनुष्य उभा राहतो आणि क्षणभराने पुढे निघतो. खोल पाण्यात असा थांबण्याचा क्षण मिळत नाही.

या सर्वांत अधिक धोका कोणास? जो कधी पोहणे शिकला नाही तो पाण्यास भितो, कठडा धरून राहतो आणि सुरक्षित असतो. ज्याने तारुण्यात भर पावसात नदी ओलांडली, गावच्या पैजा जिंकल्या, त्याच्या मनातील पोहणे अजून तसेच असते. त्याला कोणी अडविलेले आवडत नाही, आणि अडविणारा मुलगा त्यानेच पोहावयास शिकविलेला असतो. अशा वृद्धाशी बोलताना ‘आता तुम्हांला जमणार नाही’ असे म्हणण्यापेक्षा, ‘प्रथम गळ्याच्या आतल्या पाण्यात दाखवा, मग पुढचे ठरवू’ असे म्हणावे. तो स्वतःच पाहील. उथळ पाण्यात पाच-सहा हात मारल्यावर आपले पाय खाली जात आहेत हे त्याच्या ध्यानात येते, आणि मुलाचे सांगणे जे करू शकले नसते ते पाणी करते.

सोबतीस कोणी असावे

सोबती असावा, हे सर्वच सांगतात. कंपवाताच्या रुग्णाचा सोबती कोठे उभा असावा, याला अधिक महत्त्व आहे.

बुडणारा मनुष्य ओरडतो, हात हलवितो, त्याचा चेहरा भयभीत दिसतो, अशी आपली कल्पना असते. प्रत्यक्षात निरोगी मनुष्यदेखील बुडताना बहुधा ओरडू शकत नाही. या रुग्णाचा तर आवाज मुळातच क्षीण झालेला असतो. चेहऱ्याचे स्नायू ताठरल्यामुळे मनात कितीही भीती दाटली तरी ती मुद्रेवर उमटत नाही. हात उंचावण्याची क्रिया मंद असते. काठावर खुर्ची टाकून बसलेल्या रक्षकास हा मनुष्य शांतपणे पाण्यात उभा आहे असेच दिसेल. म्हणून सोबती काठावर नव्हे, पाण्यातच, हात पुढे केला की पोचेल इतक्या अंतरावर असावा. आणि तो स्वतः पोहणारा असावा. वर्तमानपत्र वाचीत काठावर बसलेली सोबत ही सोबत नव्हे.

तलावावरील रक्षकास व शिक्षकास पहिल्याच दिवशी व्याधीची कल्पना द्यावी. पुष्कळ रुग्ण संकोचाने ती देत नाहीत. डोलत चालणाऱ्या, शब्द जड येणाऱ्या मनुष्यास मद्यपी समजून दाराबाहेर काढले जाण्याचे प्रसंगही या व्याधीच्या रुग्णांवर येतात. आधी सांगितल्याने तेही टळतात.

पाण्यात उतरण्याची वेळ व रीत

प्रथम वैद्यकीय सल्ला घ्यावा. हृदयविकार, फिट येणे, उघडी जखम, अन्न गिळताना ठसका लागणे यांपैकी काही असल्यास डॉक्टरांस अवश्य सांगावे. गिळण्याची तक्रार असणाऱ्याच्या तोंडात गेलेले पाणी श्वासनलिकेत उतरण्याचा संभव अधिक असतो. अशा रुग्णाने चेहरा पाण्यात बुडविण्याचे व्यायाम करू नयेत. मेंदूत तारा बसविलेल्या रुग्णाने आपल्या शल्यचिकित्सकाच्या परवानगीवाचून तलावात उतरू नये, आणि पाय टेकणार नाहीत अशा पाण्यात तर कोणत्याही परिस्थितीत एकट्याने जाऊ नये.

लेव्होडोपाचा परिणाम सामान्यतः गोळी घेतल्यापासून अर्ध्या ते एक तासात जाणवू लागतो आणि काही तासांनी ओसरतो. व्याधी जुनी झाली की हा चढउतार रुग्णास घड्याळासारखा समजतो. पाण्यातील व्यायाम परिणाम पूर्ण असतानाच्या काळात बसवावा, आणि उतार सुरू होण्याच्या बराच आधी बाहेर यावे. तलावाची वेळ गैरसोयीची आहे म्हणून गोळीची वेळ मनाने बदलू नये. डॉक्टरांना विचारून काय ते ठरवावे.

थंड पाण्यात स्नायू अधिक ताठरतात आणि कंपही वाढतो. डिसेंबर-जानेवारीत सकाळच्या पहिल्या प्रहरी उघड्या तलावाचे पाणी या रुग्णास मानवत नाही. ऊन वर आल्यावर, पण ते तापण्यापूर्वी, उतरावे. सावकाश व्यायामास तीस अंशांच्या वरचे कोमट पाणी उत्तम.

व्यायामाचा प्रारंभ चालण्याने करावा. छातीइतक्या पाण्यात कठड्याच्या बाजूने, टाच आधी टेकून, शक्य तितके लांब पाऊल टाकीत चालावे. हात पाण्यातून मुद्दाम मोठे हलवावेत. पावले मोठ्याने मोजावीत. मोजण्याने लय राहते आणि क्षीण आवाजासही व्यायाम होतो. जाण्याचे जमू लागले की कुशीने, मग मागे, अशी पावले टाकावीत. वळताना जागच्या जागी गिरकी न घेता मोठ्या वळणाने वळावे. पाय अडकतात ते वळतानाच. कठडा धरून गुडघे उचलणे, कमरेपासून धड दोन्ही बाजूंस वळविणे, दोन्ही हात पाण्याखाली दाराच्या झडपांसारखे उघडणे-मिटणे, इतके व्यायाम पहिल्या महिन्यास पुरेत. पहिल्या दिवशी दहा-पंधरा मिनिटांहून अधिक वेळ पाण्यात राहू नये. पुढे हळूहळू अर्ध्या-पाऊण तासापर्यंत, आठवड्यातून दोन-तीन वेळा, इतपत वाढवावे.

यानंतर तरंगणे. सोबत्याने मानेखाली व कमरेखाली हात देऊन रुग्णास पाठीवर निजवावे. येथे तरंगण्यापेक्षा तरंगण्यातून पुन्हा उभे राहण्याचा सराव अधिक आवश्यक आहे. गुडघे पोटाशी घ्यावेत, हात पुढे आणावेत, हनुवटी छातीकडे न्यावी आणि पाय तळाला टेकवावेत. हे दहा वेळा विनासायास जमेपर्यंत पुढे जाऊ नये. ज्यास हे जमले, त्याने हवे तर सोबत्यासह पोहून पाहावे. पण तलावाच्या लांबीने नव्हे, उथळ टोकाच्या रुंदीने. पोहण्याचा कोणता प्रकार सोपा जाईल हे प्रत्येकाचे वेगळे असते. छातीवर दोन्ही हात एकदम मारण्याचा प्रकार काहींना बरा वाटतो, काहींना पाठीवरचा. रुग्णाने स्वतः अनुभवाने ठरवावे. हवा भरलेली फुगडी साधने निसटतात, त्यांवर भिस्त ठेवू नये. अंगास नीट बांधलेले जीवरक्षक जाकीट अधिक विश्वासाचे.

पाण्यातून बाहेर येणे हा स्वतंत्र धडाच आहे. या व्याधीत आणि तिच्या औषधांनीही रक्तदाब उभे राहताच एकदम उतरण्याची प्रवृत्ती असते. पाण्याचा दाब शरीरास आवळून धरीत असतो. बाहेर येताच तो आधार सुटतो आणि डोळ्यांपुढे अंधारी येते. म्हणून पायऱ्यांवर थांबत थांबत वर यावे, काठाशी बसावे, पाणी प्यावे आणि मगच चालू लागावे. ओल्या लाद्यांवर पाय घसरून पडण्याचे भय पाण्यापेक्षा कमी नसते. न घसरणारे पादत्राण पाण्याच्या कडेलाच तयार असावे, स्नानगृहात ठेवलेले कामाचे नाही.

कोणत्या पाण्यात उतरावे

कठडा, सपाट तळ, ठाऊक असलेली खोली आणि रक्षक ज्या तलावावर आहे तेथेच हा व्यायाम करावा. पणजीस कांपाल येथे तसेच इतरही काही शहरांत सार्वजनिक जलतरण तलाव आहेत. समुद्र या कामाचा नाही. गोव्याच्या प्रमुख किनाऱ्यांवर २००८ पासून जीवरक्षकांची व्यवस्था आहे हे खरे. तरी लाट पाठीमागून येते, पायाखालची वाळू सरकते, आणि तोल सावरण्यास जो अवधी तलावाचे पाणी देते तो समुद्र देत नाही. शांत दिवशी गुडघाभर पाण्यात हात धरून चालण्यास हरकत नसावी. जून ते सप्टेंबर या काळात तेही नको. गावच्या तळीच्या चिऱ्यांच्या पायऱ्यांवर शेवाळ असते आणि खाली गाळ. खाजनातील मानशीपाशी भरतीओहोटीचा ओढा असतो. बंद पडलेल्या खाणींच्या खंदकांत साचलेले पाणी तर निरोगी तरुणांचेही बळी घेते. त्याचा विचारही करू नये.

मग ज्या गावाजवळ तलावच नाही तेथील रुग्णाने काय करावे? पाण्याने मिळणारा प्रत्येक लाभ जमिनीवर मिळत नाही, पण बराचसा मिळतो. भिंतीच्या आधाराने लांब पावले टाकणे, हात असलेल्या खुर्चीवरून दहा वेळा उठणे-बसणे, अंगणात चुन्याने पट्टे आखून त्यांवर पाऊल टाकीत चालणे हे व्यायाम घरच्या घरी होतात. आखलेली रेघ किंवा ऐकू येणारा ठेका मिळाला की अडकलेले पाऊल सुटते, असे या व्याधीत वारंवार दिसून येते. दिंडीत टाळांच्या ठेक्यावर पावली टाकणारा रुग्ण घरी परतताना दारात अडतो, याचे नवल वाटावयास नको. भजनी मंडळाने अशा एखाद्या सभासदास कोपऱ्यात बसवून न ठेवता दोघांच्या मध्ये उभे केले, तर त्याचा व्यायामही होईल आणि हातही धरलेला राहील.

सार्वजनिक तलावांविषयी थोडेसे

दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांविषयी २०१६ साली संमत झालेल्या केंद्रीय अधिनियमात पार्किन्सनच्या आजाराचा उल्लेख नावानिशी केलेला आहे. या व्याधीमुळे येणारे अपंगत्व त्या अधिनियमाच्या कक्षेत येते, आणि सार्वजनिक इमारती व सोयी अशा व्यक्तींस वापरता येतील अशा करणे हे त्याचे एक उद्दिष्ट आहे. तलावाच्या बाबतीत याचा अर्थ फार मोठा खर्च असा होत नाही. बहुतेक तलावांत उतरावयास उभी लोखंडी शिडी असते. ताठरलेल्या गुडघ्यांच्या मनुष्यास ती चढता येत नाही. त्याऐवजी उथळ टोकास रुंद, बुटक्या पायऱ्या आणि दोन्ही बाजूंस धरावयास नळीचे कठडे असल्यास वृद्ध, गरोदर स्त्रिया आणि लहान मुले या सर्वांचीच सोय होते. प्रत्येक पायरीची कडा वेगळ्या रंगाने रंगविली तर पाय टाकण्यास खूण मिळते. खोलीचे आकडे पाण्यातून वाचता येतील असे मोठे लिहावेत. आठवड्यातून दोन दिवस, मुलांच्या शिकवणीची गर्दी नसताना, एक तास ज्येष्ठांसाठी राखून ठेवल्यास धक्काबुक्कीचे भय राहत नाही.

पायऱ्या व कठडे यांना अंदाजपत्रक, निविदा आणि मंजुरी लागेल, त्यास वेळही जाईल. तोवर उथळ टोकाच्या काठापाशी हात असलेली एक लाकडी खुर्ची ठेवण्यास कोणाच्याही मंजुरीची आवश्यकता नाही.